डोंगरातला देव, मैदानातला देव
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात नांदगाव खंडेश्वर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



इतिहासावर बोला, पण मुले जांभया देतील असे बोलू नका, अशी सूचना मला आधीच मिळाली आहे. म्हणून सनावळीपासून सुरुवात न करता वर्गातल्या एका प्रसंगापासून करतो.

मधल्या सुट्टीनंतर मी आठवीच्या वर्गात गेलो, तर एकाच बाकावर बसणारी दोन मुले एकमेकांकडे पाठ करून बसलेली. विचारपूस केली. आदल्या तासाला गझनीच्या महमूदाविषयी बोलणे निघाले होते. सुट्टीत एक जण म्हणाला, "आमच्या बादशहाने तुमचा देव फोडला." दुसरा म्हणाला, "मग तुझा बादशहा कुठे गेला? देऊळ तर पुन्हा उभे आहे." पुढे शर्टाची बटणे तुटली. मी दोघांनाही रागावलो, बटणे शोधायला लावली आणि तास सुरू केला. शिक्षकाला एवढे करता येते. पण घरी जाताना माझ्या मनात आले, की भांडणात दोघे दोन बाजूंना असले तरी एक गोष्ट दोघांनाही मान्य होती. राजा जिंकला म्हणजे त्याचा देव जिंकला, आणि राजा हरला म्हणजे त्याचा देव हरला. ही समजूत काही या पोरांनी शोधून काढलेली नाही. ती तीन हजार वर्षांपूर्वीही होती. ती कशी चालत आली आणि कुठे कुठे तिला तडा गेला, हा आजचा माझा विषय आहे.

त्यासाठी मी तुम्हाला एकदम सोमनाथला नेणार नाही. तिथे आपल्यापैकी प्रत्येक जण आधीच कुठल्या तरी बाजूला उभा आहे. आपण बनी इस्राईलच्या जुन्या मुलखात जाऊ. ह. मूसा, ह. दाऊद, ह. सुलेमान (अलैहिमुस्सलाम) ही नावे आपल्या घराघरांत आहेत, त्यामुळे रस्ता अगदीच अनोळखी नाही. मात्र एक खुलासा. मी बोलणार आहे ते त्या प्राचीन कौमविषयी. १९४८ साली स्थापन झालेल्या राज्याविषयी नाही. त्याचप्रमाणे त्या काळचे फिलिस्ती लोक म्हणजे आजचे पॅलेस्टाईनचे अरब असेही कुणी समजू नये. मुलखाचे नाव त्या लोकांवरून पडले, इतकेच.

हा मुलूख केवढा? उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत साधारण नागपूर ते अकोला एवढा. मधोमध डोंगर, पश्चिमेला समुद्रकाठची सपाटी, पूर्वेला यार्देन नदी आणि मृत समुद्र. एवढ्याशा जागेत आणि तिच्या कडेला पाच-सहा कौमा दाटीवाटीने राहत, आणि प्रत्येकीचा देव निराळा. मवाबचा कमोश, अम्मोनचा मिलकोम, दमास्कसच्या अरामी लोकांचा हदाद, फिलिस्त्यांचा दागोन, सूर-सैदाच्या व्यापाऱ्यांचा बाल. लढाईला निघताना राजा आपल्या देवाला विचारी, जिंकल्यावर लुटीचा वाटा त्याच्यापुढे ठेवी, आणि हरलेल्या शत्रूच्या देवळातली भांडी उचलून आपल्या देवळात आणी.

हे आपल्याला कळते ते केवळ धर्मग्रंथांवरून नव्हे. १८६८ साली मृत समुद्राच्या पूर्वेला धीबान नावाच्या गावी क्लाइन नावाच्या पाद्र्याला एक काळा दगड दाखवण्यात आला. उंची मीटरभराहून थोडी जास्त, आणि त्यावर चौतीसेक ओळींचा लेख. हा लेख मवाबचा राजा मेशा याने इसवी सनापूर्वी ८४० च्या सुमारास कोरवला होता. दगडाची बातमी फुटताच युरोपातले विद्वान तो मिळवण्यासाठी आपसांत चढाओढ करू लागले आणि तुर्की सरकारचा दाब येऊ लागला. तेव्हा तिथल्या बेदुईनांनी दगड तापवून त्यावर गार पाणी ओतले आणि त्याचे तुकडे केले. सुदैवाने त्याआधी ओल्या कागदावर त्याचा ठसा घेतला गेला होता. पुढे बरेच तुकडे गोळा करून जोडण्यात आले. आज तो दगड पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

मेशा काय सांगतो? इस्राएलचा राजा अम्री याने मवाबला पुष्कळ दिवस छळले, कारण कमोश आपल्याच देशावर रागावला होता. मग कमोशचा राग गेला, त्याने मेशाला नबो हे गाव घेण्याचा हुकूम दिला. मेशा रात्री निघाला, पहाटेपासून दुपारपर्यंत लढला, गाव घेतले आणि सात हजार माणसे, बायामुलांसह, कापून काढली. कारण ते गाव त्याने देवाला वाहिले होते. इस्राएलच्या देवाची पात्रे त्याने ओढत नेऊन कमोशपुढे टाकली.

आता या दगडातली एक गंमत ऐका, म्हणजे गंमत नव्हे, अंगावर काटा आणणारी गोष्ट. "देवाला वाहिले" यासाठी मेशाने जो शब्द वापरला तो 'ह-र-म' या धातूचा. बनी इस्राईलच्या ग्रंथांत यरीहो आणि इतर शहरांच्या संहाराची जी वर्णने आहेत, त्यांतही हाच शब्द आहे. आपण रोज ज्याला हराम म्हणतो, मक्केच्या परिसराला हरम म्हणतो, त्याचाही धातू हाच. जे वेगळे काढले, ज्याला हात लावायचा नाही, ते हरम. अरबीत तो शब्द रक्त सांडण्याची मनाई असलेल्या जागेला लागला, आणि त्या जुन्या लढायांत तोच शब्द सगळ्यांना मारून टाकण्याला लागला होता. दोन वैरी, दोन देव, आणि भाषा एक! मेशाच्या लेखातली नावे झाकून तो वाचला, तर बोलणारा कमोशचा भक्त आहे की समोरच्या पक्षाचा, हे ओळखणे कठीण जाईल. मला वर्गातले ते दोघे इथे आठवले.

याच मेशाची हकीकत यहुद्यांच्या ग्रंथातही आहे, पण उलट बाजूने. इस्राएल, यहुदा आणि अदोम असे तीन राजे मिळून मवाबवर चालून गेले, गावे पाडली, विहिरी बुजवल्या. शेवटी कोंडीत सापडलेल्या मेशाने तटावर चढून आपल्या थोरल्या मुलाचा बळी दिला, आणि चालून आलेले सैन्य माघारी गेले. ग्रंथ लिहिणाऱ्याने माघार लपवलेली नाही. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला या गोष्टीचे फार मोल वाटते. राजाने स्वतः कोरवलेल्या दगडावर असली कबुली सहसा सापडत नाही.

आता जी लढाई मला सर्वांत महत्त्वाची वाटते तिच्याकडे येतो. फिलिस्त्यांशी लढताना बनी इस्राईल एकदा हरले. चार हजार माणसे पडली. तेव्हा त्यांच्या वडीलधाऱ्यांनी विचार केला, की तो पवित्र पेटारा, म्हणजे आपण ज्याला ताबूत-ए-सकीना म्हणतो, तो रणात न्यावा. तो बरोबर असला की हरायचे कारणच नाही. पेटारा आणला. छावणीत असा जल्लोष झाला की पलीकडे फिलिस्ती घाबरले. आणि दुसऱ्या दिवशी? बनी इस्राईल आधीपेक्षाही वाईट हरले. त्यांचा ग्रंथ तीस हजार मेले असे सांगतो. पेटाराही शत्रूच्या हाती गेला. फिलिस्त्यांनी तो अश्दोद गावी नेऊन आपल्या दागोनच्या देवळात ठेवला. हेतू हाच, की पाहा, तुमचा देव आमच्या देवाच्या पायाशी. पण सकाळी पाहतात तो दागोनच पालथा पडलेला. मग गावात रोगराई सुटली. सात महिन्यांनी त्यांनी एक नवी गाडी केली, दोन दुभत्या गायी जुंपल्या, त्यांची वासरे गोठ्यात बांधून ठेवली आणि पेटारा हाकलून दिला. गायी हंबरत गेल्या, पण वासरांकडे वळल्या नाहीत. ज्यांच्या घरी गाय व्याली आहे त्यांना यातले नवल सांगायला नको.

लोक या कथेतला दागोन लक्षात ठेवतात. मला मात्र आधीचा भाग जास्त मोठा वाटतो. पेटारा बरोबर होता आणि तरीही ते हरले. ज्यांनी ही कथा पिढ्यानपिढ्या सांगितली, त्यांनी ते वाक्य गाळले नाही.

कुरआन शरीफात सूर-ए-बकरामध्ये हा ताबूत येतो तो तालूतच्या बादशाहीची खूण म्हणून. तिथली हकीकत मुलांनो तुम्ही मौलवी साहेबांकडून ऐकली असेल. लोकांनी आपल्या नबीकडे बादशहा मागितला. तालूतचे नाव आले, तर लगेच हरकत घेतली की हा गरीब, याच्याजवळ पैसा कुठे आहे? जबाब मिळाला की अल्लाहने त्याला इल्म आणि शरीर या दोहोंत जास्त दिले आहे. पालक मंडळी, इल्म आधी आणि शरीर नंतर, हा क्रम लक्षात घ्या. फी भरायच्या दिवसांत मला तो वारंवार आठवतो! पुढे नदीची परीक्षा झाली. पाणी पिऊ नका, फार तर ओंजळभर घ्या, असे सांगूनही बहुतेक प्यायले आणि गळाले. उरलेल्या थोड्यांपुढे जालूतची फौज होती, आणि त्या थोड्यांतल्या ह. दाऊद (अ.) यांनी जालूतला मारले. या साऱ्या हकीकतीत जालूतचा देव कोण, हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो ओंजळीचा.

आता माझ्या भाषणाच्या नावाकडे येतो. दमास्कसचा राजा बेन-हदाद. नावाचा अर्थच हदाद देवाचा पुत्र. हा बत्तीस मांडलिक घेऊन इस्राएलचा राजा अहाब याच्यावर चालून आला आणि डोंगराळ मुलखात मार खाऊन परतला. त्याच्या सल्लागारांनी पराभवाचे कारण शोधून काढले. ते म्हणाले, महाराज, त्यांचे देव डोंगरातले आहेत, म्हणून डोंगरात ते भारी पडले. आता मैदानात लढू. सल्ला तसा मूर्खपणाचा नव्हता. अरामी फौजेचे बळ रथांत, आणि रथ डोंगरात काय चालणार? मैदान निवडणे हे सेनापतीच्या दृष्टीने बरोबरच होते. फक्त त्यांनी चाकांचा हिशेब देवाच्या खात्यावर मांडला. दुसऱ्या वर्षी मैदानात लढाई झाली. त्या अफाट सैन्यापुढे इस्राएलची माणसे शेळ्यांच्या दोन लहान कळपांसारखी दिसत होती असे वर्णन आहे. आणि बेन-हदाद तिथेही हरला. तो जीव वाचवायला शरण आला, तेव्हा अहाबने त्याला भाऊ म्हणून रथात घेतले आणि तह करून सोडून दिले.

याच अहाबचे नाव अश्शूरच्या राजाने कोरवलेल्या एका शिलालेखात सापडले आहे, आणि तिथे चित्र पूर्ण पालटते. इ.स.पू. ८५३ मध्ये अश्शूरचा बलाढ्य राजा शल्मनेसर तिसरा पश्चिमेकडे आला. सीरियातल्या कर्कार येथे त्याला अडवायला जी आघाडी उभी राहिली, तिच्यात दमास्कसच्या राजाचे वीस हजार पायदळ होते, अहाबचे दहा हजार होते, आणि गिंदिबू नावाचा एक अरब एक हजार उंट घेऊन आला होता. लिखित इतिहासात अरब या नावाचा हा सर्वांत जुना उल्लेख समजला जातो. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, अरब इतिहासात पहिल्यांदा दिसतो तो इस्राएलच्या राजाच्या बाजूने लढताना! डोंगरातला देव, मैदानातला देव, वाळवंटातला देव, यांचे त्या दिवशी कसे काय जमले? जमले, कारण तिघांच्या शेतांवर एकच टोळधाड येत होती.

देव जमिनीला बांधलेला असतो ही समजूत लोकांत किती खोल होती, त्याचा एक छोटा दाखला देतो. दमास्कसचा सेनापती नामान याचे कोड इस्राएलच्या नबीच्या सांगण्यावरून बरे झाले. तो म्हणाला, आता मी तुमच्याच देवाची इबादत करीन. पण त्यासाठी दोन खेचरांवर मावेल एवढी तुमच्या देशाची माती मला द्या. परक्या मातीवर हा देव ऐकणार नाही अशी त्याची भाबडी भीती. मला हा नामान आवडतो. मन पुढे गेले होते, पाय अजून मातीत होते.

बाल या देवाविषयी आपण वऱ्हाडच्या लोकांनी जरा थांबून विचार केला पाहिजे. तो पावसाचा आणि गडगडाटाचा देव. त्या मुलखात नाईल नाही, फुरात नाही; आपल्यासारखीच सारी शेती वरच्या पाण्यावर. अरबीत आजही पावसावर पिकणाऱ्या कोरडवाहू जमिनीला 'बाल' जमीन म्हणतात. शेतीच्या उश्राच्या मसल्यांतही हा शब्द येतो. मृगात आभाळ कोरडे राहिले की माणसाची काय अवस्था होते हे कापूसवाल्याला विचारा. तेव्हा बनी इस्राईल बालच्या मागे का लागले, याचे उत्तर त्यांच्या दुष्टपणात शोधण्यापेक्षा त्यांच्या शेतात शोधलेले बरे. ह. इल्यास (अ.) यांनी त्यांना त्याच शेताच्या भाषेत गाठले: दुष्काळ पडला, आणि पावसाच्या देवाचे पुजारी दिवसभर हाका मारून थकले. कुरआन शरीफातही सूर-ए-साफ्फातमध्ये ह. इल्यास आपल्या कौमला बालविषयी विचारतात. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, जे अलिबाग-पेणकडे तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शनवार तेली म्हणवले, ते याच इल्यास पैगंबराला एलियाहू हन्नाबी म्हणतात आणि त्याच्या नावाने मलिदा करतात. घरात बोली मराठी. त्यांतले पुष्कळ जण १९४८ नंतर देश सोडून गेले, तरी अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूची जागा आहे, आणि तिथे आजही माणसे जातात.

आता अश्शूरकडे परत येऊ. इ.स.पू. ७०१ मध्ये सन्हेरीबने यहुदाची शेहेचाळीस तटबंदीची गावे घेतली आणि यरुशलेमला वेढा दिला. त्याचा दूत तटाखाली उभा राहून ओरडू लागला. तटावरचे अधिकारी म्हणाले, बाबा, आमच्याशी अरामी भाषेत बोल, लोकांना कळेल असे बोलू नकोस. त्यावर तो मुद्दाम लोकांच्या भाषेत आणखी मोठ्याने बोलला: हमाथचा देव कुठे गेला, अर्पादचा कुठे गेला, कुणी आपला देश वाचवला काय? तुमचा तरी काय वाचवणार? आमच्या आठवीतल्या पोरांचेच वाक्य; फक्त मागे पावणेतीन हजार वर्षे आणि एक फौज. त्या वेळी यरुशलेम पडले नाही. हिज्कीया राजाने सोन्याची भारी खंडणी दिली आणि सन्हेरीबने आपल्या लेखात त्याला पिंजऱ्यातला पक्षी म्हणून समाधान मानले.

पण इ.स.पू. ५८६ मध्ये बाबिलच्या नबुखद्नेस्सरने ते शहर घेतले, ह. सुलेमान (अ.) यांनी बांधलेले बैत जाळले, आतली पात्रे नेली आणि माणसेही नेली. मेशाने नेली होती तशीच पात्रे, तशीच मिरवणूक. जुन्या हिशेबाने खाते इथे बंद व्हायला हवे होते. कमोशचे झाले, मिलकोमचे झाले. आज त्यांचे भक्त कुठे आहेत? मात्र या कौमने हिशेबाची वहीच बदलली. त्यांच्यातल्या यिर्मया नबीने आधीपासून सांगितले होते की बैत आमच्याजवळ आहे म्हणून आम्ही सुरक्षित, या भ्रमात राहू नका. गरिबाला, परदेशी माणसाला, विधवेला नाडाल तर हे बैतही तुम्हाला वाचवणार नाही. शहर पडले तेव्हा ते म्हणू शकले की हरलो आम्ही, आमच्या करणीने. आणि याच यिर्मयाने बाबिलला नेलेल्या लोकांना पत्र पाठवले: घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या शहरात आहात त्याचे भले चिंता, त्याच्या भल्यात तुमचे भले आहे. ज्या शहराने त्यांना आपल्या मुलखातून उचलून नेले, त्या शहराविषयी हे पत्र आहे. सत्तेचाळीस वर्षांनी, इ.स.पू. ५३९ मध्ये, इराणच्या कुरूशने बाबिल घेतले आणि ती पात्रे परत दिली असे त्यांचा ग्रंथ सांगतो. कुरूशचा स्वतःचा मातीचा लेख १८७९ मध्ये सापडला. त्यात त्याने बाबिलला आणून ठेवलेल्या इतर गावांच्या देवांना त्यांच्या त्यांच्या ठिकाणी पोहोचवल्याचे लिहिले आहे, आणि विजयाचे श्रेय बाबिलच्याच मर्दुक देवाला दिले आहे. राजकारणी माणूस!

आपल्याकडेही हा प्रसंग आलेला आहे. हिजरी ३ मध्ये, म्हणजे इ.स. ६२५ साली, ओहोदच्या मैदानात मुसलमानांची पीछेहाट झाली. मक्केवाल्यांच्या बाजूने अबू सुफियान डोंगराकडे तोंड करून ओरडले, हुबलचा जयजयकार असो. म्हणजे तोच जुना हिशेब: आम्ही जिंकलो, तेव्हा आमचा हुबल जिंकला. हुजूर (स.) यांनी जखमी अवस्थेत सहाबांना जबाब द्यायला लावला की अल्लाह सर्वांहून उच्च आहे. पण आपल्या लोकांना काय सांगण्यात आले? सूर-ए-आल-ए-इम्रान पाहा. टेकडीवर ठेवलेल्या पन्नास तिरंदाजांतल्या बहुतेकांनी लुटीकडे पाहून जागा सोडली, हे स्पष्टपणे ऐकवण्यात आले. आणि असे दिवस लोकांमध्ये फिरते असतात, हेही. हरलेल्या दिवशी अल्लाह उच्च आहे असे म्हणता येते, याचा अर्थ जिंकलेल्या दिवशी तलवार दाखवून ते सिद्ध करता येत नाही. हे दुसरे वाक्य माझे आहे, चूक असल्यास उलेमांनी दुरुस्त करावे.

हे सगळे दूरचे झाले असे वाटत असेल, तर आपल्या दख्खनमध्ये येऊ. इ.स. ६४२ मध्ये पल्लव राजा नरसिंहवर्म्याने बदामी घेतली. त्या वेळी बदामीच्या चालुक्यांच्या राज्यात महाराष्ट्रही होता. पल्लवांनी तिथला गणपती तमिळ देशात नेला अशी परंपरा आहे. इ.स. १०४५ च्या सुमारास चोळ राजा राजाधिराजाने कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, जाळले आणि तिथला दगडी द्वारपाल उचलून नेला. तसे त्याच्या पायथ्याशी तमिळमध्ये कोरलेले आहे. आणि पंढरपूरचा विठोबा विजयनगरच्या कृष्णदेवरायाने हंपीला नेला, तो एकनाथ महाराजांचे पणजोबा भानुदास यांनी परत आणला, ही कथा वारीला जाणाऱ्या कुणालाही विचारा. ताबूत परत आला तसाच विठोबा परत आला, असे मी एकदा शिक्षकांच्या खोलीत म्हणालो, तर आमच्या एका वारकरी सहकाऱ्याने मला चहा पाजला.

एक फरक मात्र प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. हे राजे परमुलखातली मूर्ती बहुतेक वेळा आणून मानाने बसवत. महमूदाने १०२६ मध्ये सोमनाथची फोडली. त्या देवळात हात जोडणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही, आणि त्याची सफाई देणे हे माझे काम नाही. महमूदाने मुलतानवर स्वाऱ्या केल्या तिथला हाकिम मुसलमान होता, रय शहर लुटले तेही मुसलमानांचे होते. आणि सूर-ए-हजमध्ये जिथे लढाईची परवानगी आली, तिथेच मठ, गिरजे, यहुद्यांची प्रार्थनाघरे आणि मशिदी या सगळ्यांची नावे घेऊन त्यांच्या बचावाची गोष्ट केली आहे. मशिदीचे नाव त्या यादीत शेवटी आहे. हे माझ्या पहिल्या विद्यार्थ्यासाठी.

दुसऱ्यासाठी आणि पहिल्यासाठीही आपल्याच वऱ्हाडची एक गोष्ट आहे. अचलपूरची इमादशाही आणि अहमदनगरची निजामशाही, दोन्ही मुसलमान राज्ये. इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला हा विजयनगरकडचा हिंदू मुलगा, लढाईत पकडला गेलेला आणि वऱ्हाडात वाढलेला. निजामशाहीच्या संस्थापकाचे वडीलही मूळचे हिंदू, आणि त्यांचे घराणे पाथरीच्या ब्राह्मणांचे. आज पाथरी परभणी जिल्ह्यात आहे. तेव्हा ती वऱ्हाडच्या हद्दीत होती. बुऱ्हाण निजामशहाला वडिलोपार्जित गाव हवे झाले. त्याने बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला, अल्लाउद्दीन इमादशहाने नकार दिला. १५१८ मध्ये बुऱ्हाणने पाथरी घेतली, पुढे इमादशहाने ती परत जिंकली, बुऱ्हाणने पुन्हा घेतली, तिथला किल्ला पाडला आणि गाव आपल्या ब्राह्मण नातलगांना इनाम दिले. फिरिश्ताने हे लिहून ठेवले आहे. दोन्ही फौजांत अजान एकच होती, दोन्हीकडे हिंदू शिपाई होते. आता सांगा, पाथरीच्या लढाईत कुणाचा देव जिंकला? १५७४ मध्ये निजामशहाने वऱ्हाड गिळले आणि १५९६ मध्ये चांदबीबीला ते मोगलांना द्यावे लागले. तिथेही दोन्हीकडे कलमा एकच.

त्या फतहुल्लाने गाविलगडाची दुरुस्ती केली. गडाच्या दिल्ली दरवाजावर दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे, हत्तींना पकडलेला. गंडभेरुंड हे दक्षिणेकडच्या हिंदू राजांचे चिन्ह. मुसलमान राज्याच्या गडाच्या दरवाजावर तो बसला आणि अजून बसलेला आहे.

आठवीची सहल या वर्षी चिखलदऱ्याला नेण्याचे ठरले आहे. त्या दरवाजापाशी मुलांना उभे करून हा पक्षी कुणाचा, असे मी विचारणार आहे. बाकावरच्या त्या दोघांनी गाडीत शेजारी बसायचे, हे मी आताच जाहीर करून ठेवतो. पालकांनी सहलीची वर्गणी वेळेवर पाठवावी ही विनंती.